दुसरी उडी

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून डायरी. कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचे, दिवसभरात काय कमावलं ते रोज लिहून ठेवा. तेव्हा एक ओळ लिहिली नाही, कारण शिफ्ट संपली की उशीशिवाय काही दिसायचं नाही. आता वेळच वेळ आहे. जूनमध्ये आमचं प्रोसेस, म्हणजे आमच्या टीमचं सगळं काम, बंद झालं. अमेरिकेतल्या लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी आता मशीनच ऐकतं म्हणे. इतकी वर्षं तिथे फोनवर मी सँडी होते. आता सिल्व्हर पार्कच्या वन बीएचकेमध्ये पुन्हा संध्या झाले आहे आणि या संध्याला करायला काही नाही.

काही नाही कसं? क्षितिजा आहे की. माझी एकुलती एक लेक, अकरावीत, पाच फूट नऊ इंच. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात एवढं उंच कोणी झालं नाही. सासूबाई म्हणतात, पोरगी आमच्या हिंगोलीच्या घरी असती तर जळमटं काढायला स्टूल लागलं नसतं. ती बास्केटबॉल खेळते आणि चांगलं खेळते. तिचे कोच उदय सर म्हणाले, नोव्हेंबरच्या स्पर्धेला निवड समिती येणार आहे, जिल्ह्याच्या टीममध्ये हिचं नाव लागू शकतं. जिल्हा, मग राज्य, मग स्पोर्ट्स कोट्यातून कॉलेज. मी सगळं बघून ठेवलंय.

निवड झालीच पाहिजे. हेच माझं नवीन प्रोसेस.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज नवऱ्याने, लोकेशने, चेष्टा केली. म्हणाला, "तुझा तो अमेरिकेचा खजिना आता पोरीच्या माथी मारणार का?"

मारणारच. नोकरी गेली तरी तो खजिना माझ्याकडेच आहे. ट्रेनरने शिकवलं होतं की अमेरिकन माणूस फोनवर कितीही पेटलेला असू दे, त्याच्या गावचा खेळाडू काढला की विरघळतो. प्रत्येक राज्याचा एक हिरो आणि हिरोची तीन वाक्यं. संकट, जिद्द, विजय. मी कधी बास्केटबॉलला हात लावला नव्हता, पण ओहायोचा म्हातारा शिव्या द्यायला लागला की मी म्हणायचे, "सर, म्हणजे तुम्ही जेसी ओवेन्सच्या राज्यातले!" बर्लिन, हिटलर समोर बसलेला, चार गोल्ड मेडल. म्हातारा वॉशिंग मशीन विसरून स्वतःच्या वडिलांच्या आठवणी सांगत बसायचा. माझं रेटिंग दर महिन्याला पाचपैकी पाच.

आज पोळ्या करता करता विल्मा रुडॉल्फ सांगितली. लहानपणी पोलिओ, पायाला लोखंडी पट्ट्या, आणि मोठी झाल्यावर रोम ऑलिंपिकमध्ये धावून तीन गोल्ड.

सासूबाईंनी विचारलं, "आपल्यावानीच गरीब व्हती का गं ती?"

"गरीब, काळी, आणि घरात बावीस भावंडं."

"बावीस?" सासूबाईंना मेडलपेक्षा त्या आईचंच जास्त वाटलं. पण क्षितिजा पोळी तशीच हातात धरून ऐकत होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बोट दाखवून मी तिला म्हटलं, "आपल्याला कोणी आयतं देत नाही, क्षितू. इतरांपेक्षा दुप्पट चांगलं असावं लागतं." तिने मान डोलावली. पोरगी माझ्यासारखीच आहे, एकदा मनात घेतलं की घेतलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

क्षितिजाची उजवी नडगी दुखते. सकाळी सहाला रनिंग, संध्याकाळी कोर्ट, रविवारी सोसायटीच्या जिन्यावर चढ-उतार. हे शेवटचं मीच लावलंय. आज जिन्यावर मध्येच बसली. म्हणाली, "मम्मी, आजचा दिवस सोड ना. आतून दुखतंय, हाडात."

कस्टमर नाही म्हणाला की काय करायचं, ते आम्हाला पाठ आहे. लगेच वाद घालायचा नाही. आधी दुःख त्याच्याच शब्दांत परत द्यायचं. त्याला वाटतं ऐकलं आपलं. मग हळूच वळवायचं. मी शेजारी बसले, पाय मांडीवर घेतला, म्हटलं, "मला कळतंय बाळा, तुला त्रास होतोय. हाडात दुखणं सोपं नसतं." तिचे डोळे भरून आले. मग म्हटलं, "आणि म्हणूनच विल्मा आठवायची."

उठली बिचारी. अजून तीन चढ-उतार केले. इतकी वर्षं परक्यांसाठी वापरलेलं कसब पहिल्यांदा घरच्यांच्या कामाला आलं, आज खूप बरं वाटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

ताप. एकशे दोन. इथे घरोघरी तापच चालू आहे. आणि आज प्रॅक्टिस मॅच, समोर काशीगावची टीम. लोकेश सकाळी कामावर जाताना सांगून गेला होता, आज हिला पाठवू नकोस. त्याचं काय, त्याला औषधांच्या पॅकिंगमधलं कळतं, खेळातलं नाही.

मायकेल जॉर्डन, १९९७, फायनलची पाचवी मॅच. अंगात ताप, पोटात काही ठरत नव्हतं, तरी अडतीस पॉइंट. शेवटी सहकाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून कोर्टबाहेर आला. मी क्षितिजाला गोळी दिली, ही गोष्ट सांगितली आणि रिक्षात घातली.

तिने चार पॉइंट केले. मग कोर्टच्या कडेला उलटी. तिच्याच टीममधली मैत्रीण मिनल, आमच्याच बिल्डिंगमधल्या मंदाताईंची मुलगी, पाण्याची बाटली घेऊन धावली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू उलटी मीच करवली होती. हिच्या आईचं रत्नागिरीचं खवट तोंड आहे, मुलगी डोळ्यांनी बोलते.

घरी येताना क्षितिजा म्हणाली, "चारच झाले."

मी म्हटलं, "विलिस रीडनेही १९७०च्या फायनलला चारच केले होते. मांडीचा स्नायू फाटलेला, लंगडत कोर्टवर आला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मॅच त्याच्याच टीमने मारली."

"तुझ्याकडे सगळ्यावर कोणीतरी असतंच ना, मम्मी?"

"असतंच," मी म्हटलं. कौतुकच होतं तिच्या बोलण्यात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पायाला बर्फ लागतो, फ्रिजमधला पुरत नाही. मच्छीवालीकडून आणते. तिने आज विचारलं, "रोज बरफच नेताय, मासली न्हाय? पोरीला काय झालाय?" मी म्हटलं, "खेळाडू आहे माझी मुलगी." ती म्हणाली, "मंग खेल थांबवा की जरा." म्हटलं, मावशी, तुम्ही पापलेट बघा.

घरी सासूबाईंची तीच टकळी. "पोरगी पाय वढत चालायली गं संध्या. डॉक्टरला दाखीव."

दाखवते म्हटलं. निदान उद्या कोणी म्हणायला नको की दाखवलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

परवा विजयादशमीला सगळे विहारात गेलो. क्षितिजा पांढऱ्या साडीत इतकी सुंदर दिसत होती, पण वंदनेला उभी राहू शकली नाही, पायरीवर बसून राहिली. लोकेशने ते बघितलं. म्हणून आज डॉक्टर. लोकेशला सुट्टी नव्हती ते बरं झालं.

डॉक्टरने लगेच एमआरआय काढायला लावला आणि फिल्म लाईटसमोर धरली. नडगीच्या हाडाला चीर आहे. पूर्ण तुटलेलं नाही, पण तिथे तुटण्याची तयारी झाली आहे. दोन महिने खेळ बंद, उड्या पूर्ण बंद.

क्षितिजाने विचारलं, "आणि खेळत राहिले तर?"

"तर एक दिवस उडी मारून खाली येशील आणि हाड आडवं तुटेल. आत रॉड टाकावा लागेल. मग बास्केटबॉल विसर."

"कायमचं?"

"कायमचं नाही म्हणणार मी. पण बरीच वर्षं कोणी तुला कोर्टवर उभं करणार नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही," डॉक्टर म्हणाले. क्षितिजाने परत सगळं विचारून घेतलं. कुठल्या पायावर आलं तर, किती उंचीवरून, एकदम तुटतं का. बिचारी किती घाबरली होती! मी रिक्षात तिचा हात धरून ठेवला.

दोन महिने म्हणजे डिसेंबर. स्पर्धा नोव्हेंबरमध्ये.

५ ऑक्टोबर, रविवार

तक्रार वरच्या साहेबाकडे जाऊ द्यायची नसते. आपल्याच पातळीवर मिटवायची. लोकेशला सांगितलं, स्नायू ताणलाय. उदय सरांना सांगितलं, पट्टी बांधून खेळायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. सरांनी दोनदा विचारलं, "नक्की ना मॅडम? रिपोर्ट दाखवता का?" मी म्हटलं, "सर, आई आहे मी तिची." मग त्यांनी तिचं नाव टीममध्ये ठेवलं.

क्षितिजा शेजारी उभी होती. तिनेही दोन महिन्यांचं नाव काढलं नाही. आमची टीम झाली आहे आता.

रात्री जेवताना माझी सगळ्यात आवडती गोष्ट काढली. केरी स्ट्रग, अटलांटा ऑलिंपिक, १९९६. जिम्नॅस्टिक्स. पहिल्या उडीत घोटा दुखावला. टीमला गोल्ड हवं होतं. कोच ओरडला, तुला जमेल. ही पोरगी लंगडत परत गेली, दुसरी उडी मारली, उतरली आणि एका पायावर उभी राहिली. मग गुडघ्यांवर कोसळली. कोचने उचलून मेडल घ्यायला नेलं. ही गोष्ट फोनवर सांगताना बायका रडायच्या.

क्षितिजा मोबाईलवर काहीतरी बघत होती. म्हणाली, "मम्मी, ती दुसरी उडी लागलीच नसती. तिने नसती मारली तरी गोल्ड त्यांनाच होतं. मार्कांची बेरीज आहे इथे."

"हो का?" लोकेश म्हणाला आणि हसला.

मला हे माहीत नव्हतं. ट्रेनरने तीनच वाक्यं दिली होती. मी म्हटलं, "पण तेव्हा तिला कुठे माहीत होतं?"

"आणि त्यानंतर त्या ऑलिंपिकमध्ये ती कशातच उतरू शकली नाही," क्षितिजा म्हणाली. "पाय गेला ना." पण आवाज असा होता की जणू कोणीतरी जिंकल्याचं सांगतेय.

मोबाईल काढून घेतला. स्पर्धेपर्यंत मोबाईल बंद.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. मंदाताई करंज्या देऊन गेल्या, दारातून वाकून क्षितिजाचा पाय बघून गेल्या. क्षितिजा माझ्याजवळ येऊन बसली. खूप दिवसांनी आपणहून आली, मला भरून आलं.

"मम्मी, तुझ्या गोष्टींत असा कोणी आहे का, ज्याला परत खेळताच आलं नाही? आणि मग तो दुसरं काहीतरी करायला लागला, आणि सगळ्यांनी करू दिलं?"

मी खरंच आठवून बघितलं. "नाही गं. असे लोक गोष्टींत नसतात."

"पण असतील ना?"

"असतील. त्यांना कोण विचारतं?"

तिने करंजीची कड मोडली. मग म्हणाली, "किती बरं असेल त्यांना."

९ नोव्हेंबर, रविवार

सेमीफायनल जिंकलो. दोन पेनकिलर आधी, एक मध्ये. क्षितिजाने सोळा पॉइंट केले. मॅच झाल्यावर पट्टी सोडली तर नडगीवर लिंबाएवढा टणक फुगवटा. तिने तो स्वतः बोटाने दाबून बघितला. तोंडातून हूं की चूं नाही. अशी मुलगी लाखात एक असते.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारचं आज लिहितेय. मधले दोन दिवस हॉस्पिटलमध्ये गेले.

फायनल जेसल पार्कच्या बाजूच्या कोर्टवर होती. आम्ही सगळे गेलो, सासूबाईसुद्धा हट्टाने आल्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पहिल्या रांगेत. हाफ टाइमला आम्ही बऱ्याच पुढे होतो. उदय सर माझ्याकडे धावत आले, चेहरा फुललेला. समितीने नावं ठरवली होती. क्षितिजाचं नाव सगळ्यात वर. अजून अर्धी मॅच बाकी होती आणि काम झालेलं होतं!

मी बेंचपाशी गेले, तिला मिठी मारली, सांगितलं. तिने घाम पुसला आणि विचारलं, "मग आता बास ना?"

"बास कसं? आता तर सुरुवात. डिसेंबरपासून कॅम्प. दिवसातून दोनदा."

"आणि मग?"

"मग राज्य. मग नॅशनल. वेडे, मी आहे ना तुझ्याबरोबर, कुठे सोडून जात नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वाकून बुटाची नाडी नीट बांधली.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा आम्ही वीस-एक पॉइंटने पुढे होतो. सरांनी तिला बाहेर बोलावलं, मिनल आत जायला उभी राहिली. क्षितिजाने मान हलवून नाही म्हटलं. मिनल नंतर रडत रडत सांगत होती, "काकी, मी तिला म्हटलं, ये ना बाहेर, जिंकलोय आपण. ती म्हणाली, एवढी एकच."

बॉल तिच्या हातात आला. समोर कोणी नव्हतं. कोणी अंगावर आलं नाही, धक्का नाही, काही नाही. सरळ चालत जाऊन टाकला असता तरी गेला असता. पण ती धावत गेली आणि उडाली, इतकी उंच मी तिला कधी बघितली नव्हती. बॉल तिने टाकलाच नाही. हवेत सोडून दिला. उजव्या पायावर आली, एकट्या उजव्या, ताठ.

आवाज आमच्यापर्यंत ऐकू आला.

सगळे ओरडले. क्षितिजा ओरडली नाही. जमिनीवर पडून वर बघत होती. मी पोहोचले तेव्हा तिने विचारलं, "तुटलं ना?" मी म्हटलं, "नाही बाळा, नाही तुटलं, काही झालं नाही." तर तिचा चेहरा एकदम उतरला. मग लोकेशने पाय बघितला आणि तोंडावर हात ठेवला. ते बघून ती शांत झाली, डोळे मिटले.

वीस पॉइंटने पुढे असताना, पाय असा असताना, शेवटपर्यंत मैदान सोडलं नाही माझ्या पोरीने. त्या रात्री मी रडले, पण खोटं का लिहू, अभिमानानेही रडले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. आत रॉड आहे. त्याच डॉक्टरांनी केलं. लोकेशसमोर त्यांनी मला विचारलं, "मी दोन महिने सांगितले होते ना?" लोकेशला तेव्हा कळलं. तो ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. ओरडला नाही. कॉरिडॉरमध्ये गेला आणि आता माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलतो. पुरुषांना धक्का पचत नाही लवकर.

सासूबाई म्हणाल्या, "तिनं मुद्दाम केलं गं. म्या समोर बसले व्हते. तुझ्यापासून सुटायसाठी पाय मोडून घेतला लेकरानं."

मोतीबिंदू झालेला डोळा आणि म्हणे समोर बसले होते. कोणी स्वतःचा पाय मोडून घेतं का?

क्षितिजाच्या जागी मिनलची निवड झाली. मंदाताई भेटायला आल्या, हातात सफरचंदं आणि चेहऱ्यावर पेढे. मी म्हटलं, अभिनंदन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

क्षितिजाची तब्येत बघून सगळा वॉर्ड चकित आहे. जेवते, आजीशी पत्ते खेळते, हसते. सिस्टरकडून कागद मागून घेतला आणि समोरच्या खाटेवरच्या म्हातारीचं चित्र काढलं. हिला चित्र काढता येतं हे मला माहीतच नव्हतं. सकाळी राऊंडला डॉक्टर म्हणाले, "आता बास्केटबॉल डोक्यातून काढून टाक," तर ती म्हणाली, "थँक्यू, डॉक्टर." काय संस्कार आहेत बघा, एवढ्या वाईट बातमीलाही थँक्यू.

पण मला आतून कळत होतं, हे सगळं वरवरचं आहे. आतून पोरगी खचली असणार. आईशिवाय कोणाला दिसणार ते? दुपारी लोकेश चहाला गेला, सासूबाईंचा डोळा लागला, तेव्हा मी तिच्या खाटेवर बसले.

"मला कळतंय बाळा, तुला त्रास होतोय," मी म्हटलं.

"नाही मम्मी, खरंच नाही होत," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "मी बरी आहे. खूप बरी आहे."

"बेन होगन," मी सुरू केलं. तिने हात काढून घेतला. "गोल्फचा बादशहा. १९४९. धुक्यात त्याच्या गाडीवर समोरून बस आली. बायकोला वाचवायला तो तिच्यापुढे आडवा झाला. हाडांचा चुरा. डॉक्टर म्हणाले, हा बहुतेक चालणारसुद्धा नाही. तुझं तर एकच हाड आहे, क्षितू. आणि पुढच्याच वर्षी पायांना पट्ट्या गुंडाळून तो उतरला आणि अमेरिकेची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला."

ती माझ्याकडे बघत होती.

"डॉक्टर लोक असंच सांगतात. मी उदय सरांशी बोललेय. रॉड टाकून खेळणारे कितीतरी आहेत. प्लास्टर नाही, काही नाही, महिन्याभरात आपण हातांचे व्यायाम सुरू करू. बसल्या बसल्या शूटिंग. मी सगळं लिहून काढलंय. मी सोडणार नाही तुला."

आणि मग ती रडली. हाड तुटलं तेव्हा नाही, ऑपरेशनला नाही, आज रडली. तोंड उशीत खुपसून, अंगभर हुंदके, श्वास सापडेना. आजी उठली, तिला जवळ घ्यायला गेली, तरी थांबेना. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढं साठलं होतं, मोकळं होणं गरजेचंच होतं.

सिस्टर धावत आली. "अरे, इतना सब हुआ तब नहीं रोई ये लड़की. अभी क्या हो गया?"

मी म्हटलं, "कुछ नहीं, सिस्टर. ख़ुशी के आँसू हैं."